आखूड काठी

बिरनाळे मॅडम जिप्सी घेऊन मिरजेत दुकानी आल्या
तेव्हा मी कवलापूरच्या एका सबमर्सिबलचं पोट
उघडून बसलो होतो.
म्हणाल्या, "भरमू, गुंडाळी करून पाहिजे.
पाण्याची नाही, हवेची."

मागच्या बंपरवर उभी एक काठी,
माझ्या शिडीपेक्षा बुटकी.
"हिला दहा मीटर उंच व्हायचं होतं.
पण सांगली रस्त्यानं
दहा मीटर उंच काय जाऊ शकतं, सांग?"
"उसाची ट्रॉली," मी म्हटलं.
"ती पण पाचच की हो," म्हणाल्या आणि हसल्या.

शंभर वॉट सोडले तर आठ हवेत जातात.
बाकीचे?
"बाकीचे तुझ्या धंद्यात."

उष्णता मला कळते.
जळक्या वासावरून सांगतो मी
किती वेढे गेलेत, कुठल्या बाजूचे.
जुन्या कॉइलला हात लावला.
बारीक तार, नळीवर दाटीवाटीनं बसलेली,
चहा पिऊन ठेवलेल्या कपासारखी कोमट.

शेजारचा दस्तगीर तंबोऱ्याला खुंट्या बसवत होता.
त्याला विचारलं, लांबी नसेल तर काय करायचं?
तो मान वर न करता बोलला,
"खर्जाची तार काय लांब असते?
बाकीच्यांएवढीच. जड असते."

मग जाड तांबं आणलं.
लोट्याएवढा घेर,
दोन वेढ्यांत एका तारेचा श्वास.
काठी मधोमध कापून कॉइल तिथे बसवली,
पायाशी नाही. पायाशी बसली की
वरचा सगळा भाग नुसता उभा राहतो, म्हणाल्या मॅडम.
शेंड्याला सायकलच्या आऱ्यांचं पागोटं.
दस्तगीर बाहेर येऊन बघून गेला,
"नवरदेव दिसतोय," एवढंच म्हणाला.

दोन दिवस गाडीखाली पडून होतो.
बॉनेट, दारं, सायलेन्सर,
एकाच गाडीत पंधरा वर्षं,
पण रंगाच्या थरापलीकडे
कुणी कुणाला ओळखत नव्हतं.
पॉलिश पेपरनं खरवडलं, पत्रा उघडा केला,
विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी
एकेकाला दुसऱ्याशी जोडलं.

आणि मीटर लावलं तर काटा चढलेला.
आधी कसा मुकाट खाली बसायचा!
मी कपाळावर हात मारला. वाटोळं केलं.
मॅडम वहीत आकडे मांडत होत्या.
"आधी तोटाच एवढा होता," त्या म्हणाल्या,
"की हिशोब जुळत होता.
आता तोटा कमी झालाय. म्हणून तक्रार आहे."

त्या रात्री जेवताना थोरल्या भावाशी भांडलो.
दुकानाच्या भाड्यावरून, नऊ वर्षांत पहिल्यांदा.
वहिनी भाकरी थापायची थांबली.
तो ओरडला, मी ओरडलो,
मग त्यानंच ताकाचा तांब्या पुढे सरकवला.

सकाळी काठीच्या बुडाशी
पाच वेढ्यांची छोटी कॉइल टाकली, जमिनीकडे.
वेढे बोटांनी ताणले, दाबले, पुन्हा ताणले.
दस्तगीर मणी सरकवतो तसे.
काटा उतरला. पण या वेळी
त्याच्या उतरण्यावर माझा विश्वास बसेना.

संध्याकाळी दंडोबाच्या डोंगरावर गेलो.
खाली मिरजेचे दिवे, रेल्वेचा पिवळा पट्टा.
मॅडम माईकमध्ये स्वतःचं नाव अक्षर अक्षर सुटं करून
अंधारात टाकत राहिल्या.
बराच वेळ नुसती खरखर,
कढईत मोहरी तडतडावी तशी.

मग बारमेरहून एक म्हातारा आवाज.
मागच्या आठवड्यात त्याला यांचा निम्मा शब्द कळायचा.
आता म्हणाला, तुमच्या मागे रातकिडे ऐकू येतायत.
म्हणाला, अँटेना केवढी आहे?
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
"आखूड आहे," त्या म्हणाल्या.

परतताना विचारलं, आता शंभरातले किती?
"एकोणीस. फार तर वीस."
एवढं करून?
"एवढं करून."

उतरून कॉइलला हात लावला.
कोमट होतीच.
थोडी कमी.